तिसरे कोण आले होते?

१/
इतिहासप्रेमी मंडळींमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा फिरत असते. मार्च १९३५, वॉर्सा. तरुण व्हायोलिनवादकांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा. जिनेट नेव्हू ही १५ वर्षांची फ्रेंच मुलगी पहिली येते आणि २६ वर्षांचे डेव्हिड ऑयस्त्राख, विसाव्या शतकातील थोर वादकांपैकी एक, दुसरे येतात. गोष्टीखाली तात्पर्य ठरलेले असते: अस्सल प्रतिभेला कोणाच्या आधाराची गरज नसते, ती आपली वाट आपणच काढते. गोष्ट खरी आहे. तात्पर्य खोटे आहे. या धाग्यात मी त्या तात्पर्याशी भांडणार आहे.

२/
आधी माझा गुन्हा कबूल करते. एम.ए.च्या पहिल्या वर्षी एका चर्चासत्रात मीही हीच गोष्ट याच थाटात सांगितली होती. टाळ्या पडल्या. मागच्या बाकावरून आमच्या एका प्राध्यापकांनी शांतपणे विचारले, "आणि तिसरे कोण आले होते?" मला ठाऊक नव्हते. चौथे, पाचवे, सातवे कोण, तेही ठाऊक नव्हते. त्या दिवशी मी गप्प बसले. पुढचे काही महिने त्या एका प्रश्नाचा पिच्छा पुरवला. हा धागा त्याचे फलित आहे.

३/
प्रथम पार्श्वभूमी. हेन्रिक विएन्याव्स्की (१८३५–१८८०) हे लुब्लिन येथे जन्मलेले पोलिश व्हायोलिनवादक आणि संगीतकार. त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त त्यांचे पुतणे, संगीतकार अ‍ॅडम विएन्याव्स्की यांच्या पुढाकाराने ही स्पर्धा भरली. १९१८ साली पुन्हा स्वतंत्र झालेल्या पोलंडला जगाला आपली ओळख करून द्यायची होती. पियानोसाठी शोपँच्या नावाची स्पर्धा वॉर्सात १९२७ पासून भरत होतीच. आता व्हायोलिनची पाळी आली. म्हणजे पहिला सूर लागण्यापूर्वीच या व्यासपीठावर एक राष्ट्र उभे होते. ही बाब लक्षात असू द्या.

४/
आता निकालपत्र. पहिली जिनेट नेव्हू (फ्रान्स). दुसरे डेव्हिड ऑयस्त्राख (सोव्हिएत संघ). तिसरे हेन्री तेमियांका, स्कॉटलंडमध्ये जन्मलेले, पोलिश ज्यू आईवडिलांचे पुत्र. चौथा बोरिस गोल्डस्टाइन (सोव्हिएत संघ), वय अवघे १२. पाचवे ल्येर्को स्पिलर (युगोस्लाव्हिया). सातवी पोलंडची इडा हेंडेल, इतकी लहान की तिचे नेमके वय हाच वादाचा विषय आहे. नववे ल्वूव शहराचे ब्रोनिस्लाव गिम्पेल. आणि क्रमांकांच्या बाहेर, केवळ सन्मानपत्र मिळालेला सुवाल्की गावचा एक मुलगा, योसेफ हासिद. त्याच्याकडे आपण शेवटी येऊ.

५/
नेव्हूपासून सुरुवात करू, कारण दंतकथेची नायिका तीच आहे. 'आधाराविना' उगवलेली ही प्रतिभा कोणत्या घरात वाढली? आई स्वतः व्हायोलिनची शिक्षिका. सातव्या वर्षी पॅरिसच्या साल गाव्हो सभागृहात वाद्यवृंदासह कार्यक्रम. पुढे पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीत शिक्षण आणि जॉर्ज एनेस्कू यांचे मार्गदर्शन. हे सारे वॉर्साच्या आधीचे. यामुळे तिची प्रतिभा तसूभरही कमी होत नाही. मात्र 'आधार नव्हता' हे विधान पहिल्याच परीक्षेत नापास होते.

६/
दुसरा मुद्दा अधिक बोचरा आहे. वॉर्साच्या काही वर्षे आधी नेव्हू व्हिएन्नाच्या एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरली होती. तिथे ती चौथी आली. क्रमांक हेच सत्य मानायचे, तर ही मुलगी 'चौथी' होती आणि गोष्ट तिथेच संपायला हवी होती. ती संपली नाही, याचे कारण श्रोत्यांत बसलेले कार्ल फ्लेश. त्या काळातील युरोपातील श्रेष्ठ गुरूंपैकी एक. त्यांनी तिला मोबदला न घेता शिकवण्याची तयारी दाखवली. परीक्षकांनी चौथा क्रमांक दिला. गुरूने भविष्य पाहिले. वॉर्साचा विजय या दुसऱ्या निर्णयाचे फळ आहे.

७/
आता वरची यादी पुन्हा वाचा. नेव्हू फ्लेश यांची शिष्या. तेमियांका फ्लेश यांचे शिष्य. गिम्पेल हेही बर्लिनमध्ये फ्लेश यांच्याकडे शिकलेले. हेंडेल आणि हासिद ही मुलेही पुढे त्यांच्याकडेच गेली. गंमत अशी, की हे फ्लेश स्वतः हंगेरीचे ज्यू. नाझी सत्तेमुळे त्यांचे बर्लिनमधील अध्यापन संपुष्टात आले आणि १९३४ मध्ये ते लंडनला गेले. ज्या गुरूला जर्मनीने नाकारले, त्याच्या शिष्यांनी पुढच्याच वर्षी वॉर्साचे निकालपत्र भरून टाकले.

८/
यादीतील दुसरा धागा ओडेसाकडे जातो. ऑयस्त्राख आणि गोल्डस्टाइन दोघेही त्या बंदराच्या गावचे, आणि दोघांचाही आरंभ प्योत्र स्तोल्यार्स्की या एकाच शिक्षकाकडे झालेला. स्तोल्यार्स्की स्वतः मैफली गाजवणारे कलावंत नव्हते. लहान मुलांना घडवणे हेच त्यांचे आयुष्य. १९३३ मध्ये ओडेसात त्यांच्यासाठी खास संगीतशाळा सुरू झाली. आयझॅक बाबेल यांच्या 'जागृती' या कथेत मुलांना 'बालप्रतिभावंत' बनवणाऱ्या ज्या शिक्षकाचे चित्र आहे, ते यांच्यावरूनच बेतलेले मानले जाते.

९/
इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबून विचारावे: ओडेसाच्या ज्यू वस्तीतच इतकी व्हायोलिने का? उत्तर रक्तात नाही, कायद्यात आहे. झारच्या रशियात ज्यूंना ठरावीक प्रदेशाबाहेर राहण्यास मनाई होती आणि शिक्षणसंस्थांत त्यांच्या प्रवेशावर मर्यादा होती. संगीताचे शिक्षण ही त्या भिंतीतील एक फट होती. कॉन्झर्व्हेटरीचा विद्यार्थी असला की राजधानीत राहता येई. याशा हायफेट्झ हा बालवादक सेंट पीटर्सबर्गमध्ये शिकत असताना त्याच्या वडिलांनाही शहरात राहता यावे, म्हणून त्या प्रौढ गृहस्थांचे नाव विद्यार्थी म्हणून नोंदवावे लागले होते. व्हायोलिन हा त्या वस्तीचा छंद नव्हता, परवाना होता.

१०/
तेव्हा वॉर्सात 'एक मुलगी विरुद्ध एक पुरुष' असा सामना झालाच नाही. एका बाजूला हद्दपार गुरूची परंपरा होती. दुसऱ्या बाजूला ओडेसाची शाळा आणि तिच्या पाठीशी नवे सोव्हिएत शासन होते. स्वतः ऑयस्त्राख यांना हे आपल्यापेक्षा चांगले कळत होते. त्यांनी पत्नीला लिहिलेल्या पत्रात नेव्हूच्या विलक्षण प्रतिभेला मोकळ्या मनाने दाद दिली आहे. 'हरलेल्या' माणसाची कटुता त्यात नाही. ती कटुता आपण नंतर घातली, कारण नायिकेच्या गोष्टीला पराभूत लागतो.

११/
आता दोन वर्षे पुढे. १९३७, ब्रुसेल्स. थोर व्हायोलिनवादक युजेन इझाई यांच्या स्मरणार्थ बेल्जियमच्या राणी एलिझाबेथ यांच्या आश्रयाखाली नवी स्पर्धा. निकाल: पहिले ऑयस्त्राख. दुसरे रिकार्डो ओद्नोपोसॉफ. तिसरी एलिझावेता गिलेल्स, चौथा गोल्डस्टाइन, पाचवी मारीना कोझोलुपोवा, सहावे मिखाईल फिख्तेनगोल्त्स. पहिल्या सहांत पाच सोव्हिएत! ज्यांना १९३५ ही 'प्रतिभेची' गोष्ट वाटते, त्यांनी १९३७ चे स्पष्टीकरण द्यावे. दोन वर्षांत सारी प्रतिभा एकाच देशात जाऊन बसली काय?

१२/
स्पष्टीकरण साधे आहे. सोव्हिएत शासनाने १९३३ पासून देशपातळीवरील वादकस्पर्धा सुरू केल्या होत्या; १९३५ ची लेनिनग्राडची स्पर्धा ऑयस्त्राख यांनीच जिंकली होती. म्हणजे बाहेर पाठवायचा संघ आधी घरी चाळून घेतला जाई. क्रांतीनंतर सरकारजमा झालेल्या जुन्या, अमूल्य वाद्यांच्या संग्रहातून वादकांना वाद्ये मिळत. शिक्षण, वाद्य, प्रवास, सराव, सर्व शासनाचे. बाकीच्या देशांचे तरुण आपापल्या ऐपतीवर आले होते. हा अन्याय होता असे मी म्हणत नाही; गरीब घरच्या मुलांना इतके मिळणे ही मोठीच गोष्ट होती. माझे म्हणणे इतकेच, की निकालपत्रात हा हिशेब दिसत नाही.

१३/
आणि त्या वैभवाची दुसरी बाजू? १९३७ हे स्टालिनच्या महादहशतीचे वर्ष. ऑयस्त्राख यांची एक आठवण चेलोवादक मस्तिस्लाव्ह रोस्त्रोपोविच यांनी नंतर सांगितली आहे. त्या काळात ऑयस्त्राख राहत होते त्या इमारतीतून माणसे रात्री उचलली जात. उबदार कपडे आणि थोडे खाणे बांधून ते आपल्या दारावरच्या थापेची वाट पाहत. एका रात्री त्यांच्या मजल्यावर पावले थांबली. थाप पडली, पण समोरच्या दारावर. ज्यांच्या विजयाने शासन जगभर मिरवत होते, त्याच माणसाची ही रात्र.

१४/
'पहिला क्रमांक आयुष्य बदलतो' असे म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक तारीख. ब्रुसेल्स जिंकल्यानंतर ऑयस्त्राख अमेरिकेत प्रथम केव्हा वाजवू शकले? १९५५ मध्ये. मधली १८ वर्षे महायुद्धाने आणि नंतर पोलादी पडद्याने खाल्ली. तोवर त्यांचे वय ४७ झाले होते. विजेतेपदाने कीर्ती दिली. पारपत्र शासनाच्याच खिशात राहिले.

१५/
आता त्या प्रश्नाचे उत्तर. तिसरे आलेले तेमियांका पुढे अमेरिकेत गेले आणि तिथे त्यांनी पॅगानिनी चौकडी स्थापन केली. या चौकडीची चारही स्ट्राडिव्हेरियस वाद्ये एके काळी खुद्द पॅगानिनी यांच्या मालकीची होती. पाचवे आलेले स्पिलर अर्जेंटिनात स्थायिक झाले आणि त्यांनी अल्बेर्तो लिसी यांच्यासारखे शिष्य घडवले. नववे आलेले गिम्पेल लॉस एंजेलिसच्या वाद्यवृंदाचे प्रमुख व्हायोलिनवादक झाले. सातवी आलेली हेंडेल त्यानंतर कित्येक दशके जगभर वाजवत राहिली. क्रमांकांच्या तक्त्यात यांतले काहीही मावत नाही.

१६/
पण माझे लाडके उत्तर चौथ्या क्रमांकाचे आहे. बोरिस गोल्डस्टाइन यांना नेव्हू किंवा ऑयस्त्राख यांच्याएवढे जागतिक नाव कधी मिळाले नाही. त्यांनी मॉस्कोत शिकवले, १९७० च्या दशकात देश सोडला आणि उरलेले आयुष्य पश्चिम जर्मनीत शिकवण्यात घालवले. त्यांचे एक शिष्य झाखार ब्रोन. ब्रोन यांचे शिष्य वादिम रेपिन आणि माक्सिम वेंगेरोव्ह. आणि २०११ साली याच विएन्याव्स्की स्पर्धेच्या परीक्षक मंडळाचे अध्यक्ष कोण होते? वेंगेरोव्ह. चौथ्या आलेल्या मुलाच्या शिष्याचा शिष्य निर्णायक खुर्चीत बसला होता. इतिहास गुणपत्रिकेने चालत नाही. तो गुरुशिष्यांच्या साखळीने चालतो.

१७/
कोणी म्हणेल, "हे सारे युरोपाचे. आपला काय संबंध?" संबंध आहे, आणि तो माझ्या मते या धाग्याचा कणा आहे. ऑयस्त्राख यांचा जन्म ३० सप्टेंबर १९०८ चा. त्याच्या पाच दिवस आधी, २५ सप्टेंबर १९०८ रोजी, मुंबईत एका पारशी घरात एक मुलगा जन्मला: मेहली मेहता. तोही व्हायोलिनवादक झाला. आज आपण त्यांना झुबिन मेहता यांचे वडील म्हणून ओळखतो. वॉर्साची स्पर्धा भरली त्याच १९३५ साली मेहलींनी मुंबईत बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला.

१८/
ओडेसाही बंदर, मुंबईही बंदर. पाच दिवसांच्या अंतराने जन्मलेली दोन मुले. एकाला बालपणीच स्तोल्यार्स्की भेटले. दुसऱ्याने बरेचसे आपले आपणच शिकून घेतले आणि मोठ्या गुरूसाठी, इव्हान गालामियान यांच्याकडे शिकण्यासाठी, न्यूयॉर्क गाठले तेव्हा १९४५ उजाडले होते, वय ३७. मेहता ऑयस्त्राख यांच्याइतके थोर झाले असते, असा दावा मी करणार नाही. तो कोणालाच करता येणार नाही, आणि मुद्दा नेमका हाच आहे. जो स्पर्धेच्या दारापर्यंत पोचूच शकत नाही, त्याच्याविषयी स्पर्धा काहीही सांगत नाही.

१९/
मेहलींच्या वाद्यवृंदात गोव्याचे अनेक वादक होते. गोव्याच्या चर्चशी जोडलेल्या गावोगावच्या शाळांत मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले जाई. ती मुले पोटासाठी मुंबईत आली, हॉटेलांत वाजवू लागली, पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. संगीतकार प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. ही गोव्याची ओडेसाच होती. फक्त तिच्या मागे कोणते शासन उभे नव्हते, म्हणून तिचे नाव कोणत्या निकालपत्रात आले नाही. चित्रपटांच्या श्रेयनामावलीतसुद्धा बहुतेकांची नावे आली नाहीत.

२०/
आता प्रतिपक्षाला न्याय देऊ. "मग स्पर्धा नकोतच का?" असे मी म्हणत नाही. १९३५ मध्ये एका अल्पवयीन मुलीला, केवळ तिचे वादन ऐकून, नामवंत पुरुषांच्या पुढे बसवले गेले, ही साधी गोष्ट नव्हती. वशिला नसलेल्यांसाठी स्पर्धा हे दार असते. यहुदी मेन्युहिन स्वतः बालवादक म्हणून जग फिरलेले. त्यांनी १९८३ मध्ये इंग्लंडमधील फोकस्टन येथे २२ वर्षांखालील व्हायोलिनवादकांची स्पर्धा सुरू केली. हेच मेन्युहिन १९५२ मध्ये भारतात आले असताना मुंबईत त्यांना पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार भेटले आणि जगप्रसिद्ध झालेल्या या वादकाने त्यांच्याकडे योगाचे धडे घेतले. शिकण्यासाठी क्रमांक आड येत नाही, याचा हा आपल्या जवळचा दाखला.

२१/
माझे भांडण स्पर्धेशी नाही, निकालाला इतिहास समजण्याशी आहे. निकाल हे एक साधन आहे, ताम्रपट किंवा बखर असते तसे. ताम्रपट वाचताना आपण विचारतो: हा कोणी कोरवला, कोणासाठी, कोणत्या सत्तेच्या छायेत? बखर वाचताना विचारतो: लिहिणारा कोणाचा पोशिंदा मानतो? मग स्पर्धेच्या निकालपत्राशी आपण इतके भाबडे का होतो? तिथेही तेच प्रश्न. कोणी भरवली? कोण येऊ शकले? कोणाच्या पैशाने? कोणाकडे शिकून? कोण आलेच नाहीत?

२२/
आणि शेवटी योसेफ हासिद. वॉर्सात वाजवताना त्याची स्मृती दगा देऊन गेली. सन्मानपत्रावर समाधान मानावे लागले. पुढे फ्लेश यांच्याकडे शिकला. १९४० मध्ये लंडनमध्ये त्याने पदार्पण केले तेव्हा जाणकार थक्क झाले. थोड्याच काळात मानसिक आजाराने त्याला ग्रासले. मैफली थांबल्या, रुग्णालय सुरू झाले. १९५० मध्ये मेंदूवरील शस्त्रक्रियेनंतर तो गेला. वय २६, म्हणजे वॉर्सात उतरलेल्या ऑयस्त्राख यांच्याएवढे. मागे उरल्या मोजक्याच छोट्या ध्वनिमुद्रिका. त्याच्या आजाराचे खापर मी स्पर्धेवर फोडणार नाही. तसा पुरावा नाही. पण 'अस्सल प्रतिभा आपली वाट आपणच काढते' हे वाक्य ज्याला लिहायचे असेल, त्याने आधी हासिदचे वादन ऐकावे आणि मग लिहावे.

२३/
विजेती तरी वाचली का? २८ ऑक्टोबर १९४९ रोजी अमेरिकेकडे निघालेले एअर फ्रान्सचे विमान अझोर्स बेटांवरील डोंगराला धडकले. सर्व ४८ जण ठार. त्यांत नेव्हू आणि तिचा पियानोवादक भाऊ होता. ती ३० वर्षांची होती. वॉर्साची फिलहार्मनी युद्धात उद्ध्वस्त झाली होती. १९४१ मध्ये ओडेसात हजारो ज्यूंची कत्तल झाली. हेंडेलच्या जन्मगावाचे, खेउमचे, बहुसंख्य ज्यू सोबिबोरच्या छळछावणीत मारले गेले. १९३५ च्या त्या रांगेत उभ्या मुलांपैकी कोण वाचले, हे क्रमांकावर ठरले नाही. कोण वेळेत कुठल्या सीमेपलीकडे पोचले, यावर ठरले.

२४/
मित्रहो, ही गोष्ट पुन्हा तुमच्यासमोर येईल. येईलच. तेव्हा तात्पर्य पुढे ढकलण्यापूर्वी माझ्या प्राध्यापकांचा प्रश्न विचारा. लहान मुलांच्या गाण्याच्या स्पर्धेत विचारा, दहावीच्या निकालाच्या दिवशी विचारा, स्पर्धा परीक्षेच्या यादीखाली विचारा: तिसरे कोण आले होते? आणि त्याहून अवघड तो पुढचा प्रश्न: यादीत यायला हवे होते, पण दारापर्यंतही पोचू शकले नाही, असे कोण होते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर कागदपत्रांत सापडते. दुसऱ्याचे शोधावे लागते. इतिहास शिकायचा तो याच कामासाठी.

२५/
धागा इथे संपतो. आज रात्री वेळ मिळाला तर नेव्हूने १९४५ मध्ये ध्वनिमुद्रित केलेली सिबेलियस यांची व्हायोलिन कॉन्चेर्तो ऐका, आणि तिच्यानंतर हासिदची एखादी ध्वनिमुद्रिका. कोण पहिले आणि कोण यादीबाहेर, हे डोळे मिटून ओळखून दाखवा. मतभेद असतील तर जरूर मांडा; पुराव्यासह मांडलेत तर अधिक आनंद होईल.